पंचाहत्तर हजार टन तांदूळ कुणाच्या हिशेबात?

संयुक्त अरब अमिराती आणि भारत यांच्या मैत्रीवर या आठवड्यात पुन्हा पानभर मजकूर छापून आला. १९८१ची इंदिरा गांधींची भेट, त्यानंतर पडलेला ३४ वर्षांचा खंड, ऑगस्ट २०१५चा पंतप्रधानांचा दौरा, १ मे २०२२ पासून लागू झालेला आर्थिक भागीदारी करार, सगळे त्यात होते. ७५,००० टन तांदळाचा मात्र कुठेच उल्लेख नव्हता. धान पिकवणाऱ्या जिल्ह्यांना या मैत्रीतला जो आकडा थेट लागू पडतो, तो हाच.

२० जुलै २०२३ रोजी केंद्राने बासमतीखेरीज पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. भंडारा जिल्ह्यात हे रोवणीचे दिवस. पऱ्हे उपटून बांधीत पोचलेले, मजुरी चुकती होत असलेली, खताचे पैसे देऊन झालेले. अशा वेळी पिकाचा बाजार अर्धा मिटला. किरकोळ बाजारात तांदूळ वर्षभरात साडेअकरा टक्क्यांनी महागला, हे सरकारने दिलेले कारण खोटे नव्हते. पण बासमती वगळला गेला आणि सगळा भार उरलेल्या तांदळावर आला. तुमसरच्या बाजार समितीत एचएमटी येतो, जय श्रीराम येतो. बासमती पिकवणारा शेतकरी या तालुक्यात शोधूनही सापडायचा नाही. गिरणीत धान भरडले की अखंड तांदूळ एका बाजूला पडतो, कणी दुसऱ्या. कणीच्या निर्यातीवर सप्टेंबर २०२२ पासूनच बंदी होती. अखंड तांदूळ जुलैत अडला. ऑगस्ट संपायच्या आत उसन्या, म्हणजे धान उकडून केलेल्या, तांदळावरही २० टक्के निर्यात शुल्क बसले. गिरणीतून बाहेर पडणाऱ्या तिन्ही मालांची वाट अशी एका वर्षात अडली.

अमिरातीने यावर काय केले, ते पाहण्यासारखे आहे. वाळवंटातला देश, बहुतेक अन्न बाहेरून आणणारा. भारताची बंदी जाहीर झाल्यावर आठ दिवसांत, २८ जुलैला, त्याने आपल्याकडून होणारी तांदळाची निर्यात आणि पुनर्निर्यात चार महिन्यांसाठी थांबवली. घरात आलेला दाणा घरातच ठेवला. मग दोन सरकारांमध्ये बोलणी झाली आणि २५ सप्टेंबरला खास सूट निघाली: ७५,००० टन पांढरा तांदूळ, केवळ अमिरातीसाठी, नॅशनल को-ऑपरेटिव्ह एक्स्पोर्ट्स या एकाच संस्थेमार्फत. त्याआधी भूतान, मॉरिशस आणि सिंगापूरलाही अशीच सूट मिळाली होती. मित्रदेशाचे ताट रिकामे राहू नये, ही भावना योग्यच आहे. आखातातील लाखो भारतीयांच्या, त्यांतल्या मराठी घरांच्याही ताटात हाच भात असतो.

पण ७५,००० टन म्हणजे किती? पन्नास किलोचे १५ लाख कट्टे. शंभर किलो धानाचा ६७ किलो तांदूळ, या सरकारी भरडाईच्या प्रमाणाने सुमारे ११ लाख २० हजार क्विंटल धान. एकरी १५ क्विंटल उतारा धरला तर जवळपास ७५ हजार एकरांचे पीक. त्या ऑगस्टमध्ये जागतिक बाजारातला तांदळाचा भाव १५ वर्षांतील उच्चांकावर होता. त्या हंगामात साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला २,१८३ रुपये होता. बंदरावरचा भाव आणि बांधीवरचा भाव यांतली ही दरी बंदीने रुंद केली. दरीतला पैसा कुठे गेला, हे धान पिकवणाऱ्याला कुणी सांगितले नाही.

मोठ्या देशाच्या एकतर्फी निर्णयाचा फटका आखाताला पूर्वीही बसला आहे. तिथल्या अनेक राज्यांत एके काळी भारतीय रुपया चालत असे. १९५९ पासून रिझर्व्ह बँक त्यांच्यासाठी वेगळा आखाती रुपया काढू लागली. ६ जून १९६६ रोजी दिल्लीने रुपयाचे अवमूल्यन केले आणि दुबई, कतार यांनी त्याच वर्षी आपले चलन बदलले. २०२३ मध्ये दिल्लीने छोट्या मित्राशी बोलून त्याची अडचण सोडवली, ही निश्चितच प्रगती आहे. मग आपल्या धानउत्पादकाशी दोन शब्द बोलायला काय हरकत होती? अबुधाबीसाठी दोन महिन्यांत अधिसूचना निघते. आधारभूत खरेदी केंद्रावर बारदाना येण्यासाठी शेतकऱ्याने धान उघड्यावर टाकून वाट पाहायची, अवकाळी पाऊस आला तर ताडपत्री शोधायची आणि चुकाऱ्यांसाठी बँकेत खेटे घालायचे, हे दरवर्षीचे झाले आहे.

बंदी २८ सप्टेंबर २०२४ रोजी उठली. पुन्हा असा प्रसंग आल्यास सरकार ते सरकार विक्रीचा दर अधिसूचनेसोबतच जाहीर व्हावा. देशांतर्गत भावापेक्षा त्यात जे जास्त मिळेल, ते खरेदी केंद्रांवर नोंदलेल्या धानाच्या वजनाप्रमाणे शेतकऱ्यांच्या खात्यात जमा व्हावे. आणि निर्यातबंदीचा निर्णय घ्यायचाच असेल, तर तो पऱ्हे टाकण्याआधी जाहीर व्हावा, म्हणजे कोणत्या बांधीत काय लावायचे ते शेतकऱ्याला ठरवता येईल.

– एक धानउत्पादक, तुमसर (जि. भंडारा)