बाईंचं उत्तर चुकलं!



परवा शुक्रवारी तिसरीच्या वर्गात माझी चांगलीच फजिती झाली. धडा चालला होता आपल्या रायगड जिल्ह्याचा. पालीजवळ उन्हेऱ्याला गरम पाण्याची कुंडं आहेत, असं मी सांगितलं. एकाने विचारलं, "बाई, पाणी तापवतं कोण?"

"जमिनीत गंधक जळतं ना, त्याने!" मी ठोकून दिलं. लहानपणी मीही तेच ऐकलं होतं.

मागच्या बाकावरून हळूच आवाज आला, "पण पेल्याखाली झाकलेली मेणबत्ती विझते, हे तुम्हीच दाखवलंत. मग जमिनीखाली हवा कुठून येते?"

घंटा झाली म्हणून वाचले!

शनिवारी वाचनालयात बसून पुस्तकं चाळली आणि रविवारी सुट्टीच्या दिवशी निघाले उन्हेऱ्याला. मी पेणहून, आई रोह्याहून. वाकण नाक्यावर भेटलो आणि पालीची एसटी धरली. आईचे गुडघे दुखतात. "ऊन पाण्यात बसलं की जरा मोकळं वाटतं," ती म्हणाली. ऊन म्हणजे गरम, आपण ऊन-ऊन भात म्हणतो ना, तसं. उन्हेरे, दापोलीकडचं उन्हवरे, राजापूरजवळचं उन्हाळे, या गावांच्या नावांतच ती ऊब आहे.

कुंडात पाय टाकला आणि चटकन मागे घेतला! मग पायरी-पायरीने उतरले. पाण्याला गंधकाचा हलकासा वास होता. पण गंधक पाणी तापवत नाही. तापलेलं पाणी खडकांतून येताना ते आपल्यात विरघळवून घेतं.

मग पाणी तापतं कसं? पावसाचं पाणी खडकांच्या भेगांतून खोल खोल मुरतं. जमिनीत दर किलोमीटर खाली गेलं की उष्णता साधारण 25 ते 30 अंशांनी वाढते. खोलवर तापलेलं पाणी दुसऱ्या एखाद्या भेगेतून झपाट्याने वर येतं. वाटेत थंड व्हायला त्याला सवडच मिळत नाही! इथे ज्वालामुखीही नाही. आपला काळा पाषाण लाव्हारसाचाच, पण तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तो कधीच निवला.

एवढ्यात कोणीतरी कुंडात साबण लावू लागलं. आई म्हणाली, "अगो बाय, हे पाणी सगळ्यांचं. साबण बाहेर लाव." मला जपानची आठवण झाली. तिथेही अशी पुष्कळ कुंडं आहेत. आधी बाहेर साबणाने स्वच्छ अंघोळ करायची, मगच कुंडात उतरायचं, असा तिथला नियम. आपल्याला काय कठीण आहे?

परतताना मी आईला म्हटलं, "आता वर्गात काय तोंड दाखवू?"

"चुकलं म्हणून सांग. त्यात काय? तू चुकीचंच ठेवलंस, तर ती पोरं उद्या त्यांच्या पोरांना तेच सांगतील."

सोमवारी वर्गात गेल्या गेल्या फळ्यावर लिहिलं, 'बाईंचं उत्तर चुकलं होतं.' आधी सगळे गप्प. मग खरं कारण सांगितलं, तेव्हा मागच्या बाकावरच्या स्वारीचे डोळे चमकले. पण ती गप्प थोडीच बसणार!

"बाई, आपण अंघोळ केलेलं पाणी कुठल्या वर्षीच्या पावसाचं?"

आता मात्र मी ठोकून दिलं नाही. म्हटलं, "चल, दोघं मिळून शोधू या."

तुमच्या,
बाई