आरशातला चेहरा

मुलाला ‘स्वतःचे चित्र काढ’ म्हटले की ते बहुधा पेटीतला फिकट गुलाबी खडू उचलते. मुले त्याला ‘स्किन कलर’ म्हणतात. शिरूरच्या उन्हात खेळणाऱ्या, रांजणगावच्या कारखान्यात राबणाऱ्या आईबापांच्या लेकराची कातडी त्या रंगाची असते काय? मग ते चित्र कोणाचे? आम्हाला हा प्रश्न लहान वाटत नाही.

अशा वेळी सवी सावरकर या आपल्या चित्रकाराची आठवण होते. जन्म १९६१ चा, नागपूरचा. शिक्षण नागपूर आणि बडोद्यात. चित्रकलेबरोबर मुद्राचित्रणही त्यांनी आपलेसे केले. तांब्याच्या किंवा जस्ताच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, सुईने रेषा ओरखडायच्या, पत्रा आम्लात बुडवायचा. उघड्या रेषा आम्ल खाते. त्या खाचांत शाई भरून ओल्या कागदावर दाबाने छाप घ्यायचा. पेशवाईत गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधून चालावे लागलेला माणूस त्यांनी पुन्हा पुन्हा चितारला. कोरेगाव भीमा आपल्याच तालुक्यात. ते मडके कशाचे, हे आपल्या पोरांना वेगळे सांगावे लागत नाही.

त्यांची माणसे गोंडस नाहीत. डोळ्याला दिसते तेवढेच न काढता मनाला जे झोंबते ते काढायचे, या रीतीला अभिव्यक्तिवाद म्हणतात. जर्मनीच्या केटे कोलवित्झ (१८६७–१९४५) यांची जातकुळी हीच. नवरा बर्लिनच्या कामगार वस्तीत डॉक्टर. तिथल्या बायाबापड्यांची दुःखे त्यांनी छापचित्रांत उतरवली, विणकरांच्या उठावावर चित्रमालिका केली. आणि पन्नासहून अधिक वर्षे स्वतःचा चेहराही काढला. थकवा, सुरकुत्या, पांढरे केस, काहीही लपवले नाही.

तेव्हा पालकांनो, या रविवारी एवढे करा. मुलाला आरसा द्या, चुलीतला विझलेला कोळसा द्या आणि जुन्या कॅलेंडरची कोरी बाजू द्या. नाक रुंद असेल तर रुंद, कपाळावर व्रण असेल तर तोही येऊ द्या. रंग हवाच असेल तर तपकिरी, काळा, पिवळा मिसळून हाताशेजारी धरून जुळवा. स्वतःही एक काढा. फक्त ‘किती काळं काढलंस गं!’ असे कोणी म्हणू नका. त्या एका वाक्याने पोर पुन्हा गुलाबी खडूकडे वळते.