ओढा हाही दस्तऐवजच आहे : शिरूर, दौंड आणि वाया जाणारा पाऊस

१/ इतिहासप्रेमी मित्रहो, ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी शिरूरच्या छावणीतून निघाली आणि रात्रभर चालून भीमेकाठी कोरेगावास पोहोचली. दुसऱ्या दिवशी तेथे काय घडले, यावर आपण वर्षानुवर्षे वाद घालतो. त्या वाटेवरच्या ओढ्यांविषयी मात्र कोणी अवाक्षरही काढत नाही. हा धागा त्या ओढ्यांसाठी.

२/ ती वाट म्हणजे ढोबळमानाने आजचा पुणे–नगर महामार्ग. रांजणगाव, शिक्रापूर, सणसवाडी, कोरेगाव भीमा. दुतर्फा कारखाने, गोदामे, वाहनतळ, प्लॉटिंगचे फलक. मधले ओढे कोठे भरावाखाली गेले, कोठे सिमेंटच्या नळ्यांत कोंबले गेले. मग एखाद्या सायंकाळी जोराची सर येते, रस्त्याचे तळे होते आणि आपण म्हणतो, ‘ढगफुटी झाली!’

३/ माझे म्हणणे स्पष्ट आहे. यातील बरेचसे संकट आभाळातून पडलेले नाही. ते विस्मरणातून आले आहे, आणि विस्मरणही कशाचे, तर कागदावर नोंदलेल्या गोष्टीचे. १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी शेजारच्या इंदापूर तालुक्यातून नवी जमीन-मोजणी सुरू केली. त्या परंपरेतून आलेल्या गावनकाशांवर ओढे रेखलेले आहेत.

४/ दुसरा पुरावा दौंडकरांच्या डोळ्यांसमोर आहे. १८५८ मध्ये पुण्याहून दिक्सळपर्यंत लोहमार्ग गेला, तो दौंडवरूनच. १८७८ मध्ये दौंड–मनमाड मार्ग झाला. रुळांचा बांध ओढा ओलांडतो तेथे मोरी ठेवावीच लागते, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात बांध वाहून जायचा. त्या मोऱ्या मोजत चला, परिसरातील ओढ्यांची यादी आपोआप तयार होईल. जे परक्या कंपनीच्या अभियंत्यांना दिसले, ते आपल्या लेआउट मंजूर करणाऱ्यांना का दिसू नये?

५/ ‘आमच्याकडे पाऊसच कमी, साठवायचे काय?’ हा नेहमीचा प्रतिवाद. हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेत आहेत, हे खरे. वर्षाकाठी पाऊस साधारण पाचशे मिलिमीटरच्या आसपास. पण हिशेब करा. एक हेक्टर पक्क्या छपरावर पाचशे मिलिमीटर पाऊस म्हणजे पन्नास लाख लिटर पाणी. पंचवीस मिलिमीटरच्या एकाच सरीत तेच छप्पर अडीच लाख लिटर खाली सोडते. शेत असते तर त्यातले पुष्कळसे मातीत मुरले असते.

६/ विसंगती पाहा. शिरूर चासकमानच्या आवर्तनाकडे डोळे लावून बसतो, दौंड खडकवासल्याच्या कालव्याकडे. आवर्तन लांबले की मोर्चे निघतात. आणि स्वतःच्या छपरावरचे पाणी मात्र आपण गटारात सोडून घोडनदीला, भीमेला देऊन टाकतो, तेही घाण करून.

७/ आपल्या पूर्वजांना ही विद्या अवगत नव्हती काय? होती. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यास, कात्रजला डोंगरउतारावरचे पाणी बांध घालून अडवले गेले. वरच्या तळ्यात गाळ खाली बसे, निवळलेले पाणी दगडी नळातून, उच्छ्वासांच्या वाटेने शहरातील हौदांपर्यंत येई. पाणी थांबवणे, निवळू देणे, मग वापरणे : आज ज्यास शाश्वत पर्जन्यजल-व्यवस्थापन म्हणतात, त्याचे तत्त्व याहून निराळे नाही.

८/ त्याच कात्रजकडून येणाऱ्या आंबिल ओढ्याने २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री काय केले, हे पुणेकर विसरलेले नाहीत. पुणे परिसरात वीसहून अधिक माणसे गेली. ओढा तोच होता. त्याची जागा तेवढी आकसली होती.

९/ ‘पुण्याचे आम्हांला काय?’ असे शिरूर-दौंडने म्हणू नये. मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते. पुण्याच्या रस्त्यांवरून धुऊन निघालेले सारे तेथून दौंडवरून उजनीत जाते. आज आपण पुण्याच्या चुकीचे पाणी झेलतो आहोत. उद्या शिरूर-दौंडच्या चुकीचे पाणी खालच्या गावांनी झेलायचे काय?

१०/ ‘मग मोठी गटारे बांधा.’ हा ठेकेदारांचा आवडता उपाय. पण सरळ, गुळगुळीत काँक्रीटचे गटार पूर नाहीसा करत नाही. तो अधिक वेगाने शेजाऱ्याच्या दारी पोहोचवते. शिवाय रस्त्यावरचे तेल, टायरची भुकटी, उकिरड्याचा अर्क हे सगळे पहिल्या काही मिनिटांच्या पाण्यातच सर्वाधिक असते. तेच पाणी आपण सर्वांत आधी नदीत ढकलतो.

११/ त्या पहिल्या पाण्याला वाट हवी ती गवताच्या उथळ चराची, वाळू-खडीच्या थराची, गाळ बसवणाऱ्या कुंडाची. पुढे साठवण तळे, आणि तळ्यातून सावकाश विसर्ग. यात अगम्य असे काहीच नाही. हवी ती जागा. आणि ती जागाच आपण चौरस फुटांच्या भावाने विकत आहोत.

१२/ एक इशारा उत्साही मंडळींनाही. ‘सगळे पाणी बोअरमध्ये सोडा’ हा मंत्र धोक्याचा आहे. आपल्या पायाखाली दख्खनचा काळा पाषाण आहे. पाणी मुरते ते मुरुमात आणि भेगांत, सरसकट नव्हे. कुरकुंभसारख्या रासायनिक उद्योगांच्या परिसरात अंगणातील मळके पाणी थेट भूगर्भात सोडणे म्हणजे विहिरीस विष पाजणे. छपराचे पाणी वेगळे, आवाराचे वेगळे. दुसरे आधी शुद्ध झालेच पाहिजे.

१३/ कायदा नाही, असेही नाही. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत पाचशे चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडावरील नव्या बांधकामास पर्जन्यजल-संचय बंधनकारक आहे. पण शिक्रापूर, सणसवाडी ही शहरे झाली तरी कारभार ग्रामपंचायतींकडेच. परवानगी एकाची, रस्ता दुसऱ्याचा, ओढा कोणाचाच नाही. आराखड्यावर खड्डा दाखवायचा, दाखला घ्यायचा, पुढे पाहायचे कोणी?

१४/ २ जुलै २०११ रोजी कोपनहेगन अतिवृष्टीने बुडाले. पुढच्या वर्षी त्या शहराने आराखडा केला : उद्याने आणि रस्तेच पाणी धरतील अशा रीतीने घडवायचे. आपल्याला बुडण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. मोकळी जमीन अजून शिल्लक आहे. दहा वर्षांनी ती नसेल.

१५/ म्हणून विनंती. गड पाहता, शिलालेख वाचता, समाध्यांची छायाचित्रे काढता, तसे एका रविवारी गावनकाशा घेऊन ओढ्याकाठी जा. कागदावर तो कोठे आहे आणि जमिनीवर कोठे नाहीसा होतो, ते टिपा. ती नोंद ग्रामसभेत, नगरपरिषदेत लेखी मांडा आणि पोच घ्या. शिलालेख फोडणाऱ्यावर आपण तुटून पडतो. मग ओढा बुजवणाऱ्यापुढे गप्प का बसतो?