पालखी शिक्षणाची, भोई वाऱ्यावर!

परळच्या गिरणगावातील भोईवाड्याच्या नावातच भोई आहेत. पालखीत बसलेल्याचे नाव इतिहास लक्षात ठेवतो, पालखी वाहणाऱ्यांचे ठेवत नाही, ही जगाची जुनी रीत आहे. शिक्षणाच्या पालखीलाही असेच भोई लागतात. सकाळी सर्वांच्या आधी शाळेचे कुलूप उघडणारा, वर्ग झाडणारा, घंटा देणारा, पाण्याची टाकी धुणारा, ताप आलेल्या मुलाला हाताला धरून घरी पोहोचविणारा शिपाई हा त्यांपैकी पहिला. कोरोनाच्या महामारीत बंद पडलेल्या शाळा पुन्हा उघडताना या भोयांची सर्वाधिक गरज होती. नेमक्या त्याच वेळी महाराष्ट्र शासनाने त्यांना पालखीखालून कायमचे दूर करण्याचे ठरविले. ११ डिसेंबर २०२० चा तो शासन निर्णय महामारी ओसरल्यानंतरही विसरता येण्याजोगा नाही.

हा निर्णय खासगी अनुदानित शाळांतील चतुर्थ श्रेणीच्या पदांविषयी होता. शिपाई, नाईक, पहारेकरी, सफाईगार, कामाठी, प्रयोगशाळा परिचर अशी ही पदे. सेवेत असलेल्यांनी निवृत्तीपर्यंत राहावे. ते निवृत्त झाले की पद व्यपगत, म्हणजे कायमचे नाहीसे! त्या बदल्यात शाळेला ‘शिपाई भत्ता’ मिळेल. मुंबई-पुण्यात महिना १०,००० रुपये, अन्य महापालिका क्षेत्रांत ७,५०० आणि ग्रामीण भागात ५,०००. सातव्या वेतन आयोगानुसार राज्य शासनाच्या शिपायाचे मूळ वेतनच १५,००० रुपयांपासून सुरू होते. महागाई भत्ता, घरभाडे भत्ता, रजा, वैद्यकीय साहाय्य हे सारे त्याशिवाय. महिन्याचे ३० दिवस धरले तर मुंबईतील भत्त्याचा हिशेब दिवसाला ३३३ रुपये होतो. एवढ्या रकमेत भोईवाड्यातील एखाद्या कुटुंबाने खोलीचे भाडे भरावे, मुलांना शिकवावे आणि वृद्ध आईचे औषधपाणी करावे, अशी मंत्रालयाची अपेक्षा असेल तर मंत्रालयाने भायखळ्याच्या पलीकडची मुंबई पाहिलेलीच नाही, असे म्हणावे लागेल.

अठरा दिवसांचे कुरुक्षेत्र

घटनाक्रम पाहिला म्हणजे या निर्णयातील असंवेदनशीलता अधिक स्पष्ट होते. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. राज्यात नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबर २०२० रोजी पुन्हा सुरू झाले. मुंबईला मात्र प्रतीक्षा करावी लागली. येथे आठवी ते बारावीच्या वर्गांची घंटा वाजायला ४ ऑक्टोबर २०२१ उजाडावा लागला आणि पहिली ते सातवीची मुले त्याच वर्षी १५ डिसेंबरला शाळेत आली. जानेवारी २०२२ मध्ये शाळा पुन्हा बंद झाल्या व २४ तारखेला पुन्हा उघडल्या. परळ-नायगावच्या चाळींत एका खोलीत, एका भ्रमणध्वनीवर भावंडांनी आळीपाळीने शिकण्याचा तो काळ पालक विसरलेले नाहीत.

शाळा उघडण्यासाठी शासनाने मार्गदर्शक सूचना काढल्या. वर्गांचे निर्जंतुकीकरण करण्यात यावे, विद्यार्थ्यांचे तापमान तपासण्यात यावे, हात धुण्याची व्यवस्था ठेवण्यात यावी, एका बाकावर एकच विद्यार्थी बसविण्यात यावा. सरकारी मराठीचा हा एक मोठा सोयीस्कर गुण आहे. तिच्यात ‘करण्यात यावे’ असते, करणाऱ्याचे नाव नसते. करणारा कोण होता? वर्षभर धूळ खात पडलेले बाक उचलून एकेक हात अंतरावर मांडणारा, फाटकावर तापमापक घेऊन उभा राहणारा, स्वच्छतागृह दिवसातून अनेकदा धुणारा तो शिपाईच होता. लस नव्हती तेव्हाही तो कामावर येत होता. शाळांत पन्नास टक्के कर्मचाऱ्यांची उपस्थिती अपेक्षिली गेली. परंतु शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांसाठी लोकलचे दार उघडले ते १३ नोव्हेंबर २०२० रोजी. बदलापूर-विरारकडून परळला येणाऱ्याने तोवर कसे यावे, याचे उत्तर कोणत्याही परिपत्रकात नव्हते.

राज्यात शाळा उघडल्या २३ नोव्हेंबरला. पदे मोडीत काढणारा निर्णय निघाला ११ डिसेंबरला. मध्ये अवघे अठरा दिवस! कुरुक्षेत्रावरचे युद्धही अठराच दिवस चालले. परंतु तेथे युद्ध सुरू असताना स्वतःच्याच पायदळाला निरोप देण्याचा पराक्रम कौरवांनीही केला नव्हता.

तिजोरीची सबब

या निर्णयाचे समर्थक म्हणतात की महामारीत राज्याचा महसूल आटला होता, वेतनाचा बोजा पेलवत नव्हता. वरवर पाहता हा युक्तिवाद पटण्यासारखा वाटतो. तथापि तो शासनाच्याच निर्णयावर तपासून पाहिला पाहिजे. सेवेत असलेल्यांच्या वेतनाला या निर्णयाने हात लावला नाही. म्हणजेच २०२०-२१ च्या संकटात त्यातून तिजोरीला हाती लागण्यासारखे फारसे काही नव्हते. बचत व्हायची ती पुढील दहा-वीस वर्षांत, एकेक शिपाई निवृत्त होत जाईल तशी. मग हा तातडीचा उपाय कसा? महामारी हे कारण नव्हते, ती आड होती. लोक घरात बंद, रस्त्यावर आंदोलनास मज्जाव, वृत्तपत्रांची पाने रुग्णसंख्येने भरलेली. अशा वेळी एक संपूर्ण श्रेणी पुसून टाकणे सोपे जाते, एवढाच या मुहूर्ताचा अर्थ.

त्याच शासनाने ३१ मार्च २०२० रोजी वेगळा विचार केला होता, हेही नमूद केले पाहिजे. त्या महिन्याचे वेतन दोन टप्प्यांत देण्याचे ठरले तेव्हा वरच्या श्रेणीच्या अधिकाऱ्यांना पहिल्या टप्प्यात निम्मे, तृतीय श्रेणीला पंचाहत्तर टक्के आणि चतुर्थ श्रेणीला पूर्ण वेतन देण्यात आले. ज्याचे हातावर पोट आहे त्याला आधी द्यावे, हा त्यामागील विवेक योग्यच होता. तो विवेक नऊ महिन्यांत कोठे गेला? तेव्हाचे मुख्यमंत्री शिवसेनेचे होते, शालेय शिक्षण खाते काँग्रेसकडे होते. ज्या लालबाग-परळने शिवसेनेला घडविले, त्याच लालबाग-परळमधील कोकणातून आणि घाटावरून आलेल्या कुटुंबांच्या मुलांना शाळेतील शिपायाची नोकरी हा एक हक्काचा आसरा होता. मराठी माणसाच्या नावाने मते मागणाऱ्यांनी तोच आसरा काढून घ्यावा, यापरता दुसरा दैवदुर्विलास नाही.

शिपाई गेला म्हणून त्याचे काम जात नाही. ते दुसऱ्याच्या माथी येते. शिक्षकाने शिकवावे, लिपिकाने नोंदी ठेवाव्यात, शिपायाने शाळा राखावी, ही विभागणी कोणी श्रेष्ठ-कनिष्ठ ठरविण्यासाठी केलेली नाही. एका अवयवाचे काम दुसऱ्यावर लादले तर सारे शरीर अशक्त होते. महामारीत शिक्षकांना घरोघरच्या सर्वेक्षणापासून शिधावाटपाच्या देखरेखीपर्यंत कामाला जुंपले गेले; शाळा उघडल्यावर अर्धे विद्यार्थी समोर आणि अर्धे घरी, अशी दुहेरी शिकवणी त्यांनी केली. त्यांत प्राथमिक शाळेतील शिक्षण सेवकही होता, ज्याचे मानधन त्या काळात महिना ६,००० रुपये होते. ते १६,००० होण्यास २०२३ चा जानेवारी यावा लागला. अशा शिक्षकाच्या हाती पुन्हा झाडू आणि कुलूप देऊन गुणवत्तेच्या गप्पा मारणे ही शिक्षणाची क्रूर थट्टा होय.

गिरणगावाने हे पाहिले आहे

भोईवाड्याच्या आसपासच्या वस्तीला हा प्रकार नवा नाही. कापड गिरण्यांत ‘बदली’ कामगार असत. रोज सकाळी गिरणीच्या फाटकाशी उभे राहायचे, कायम कामगार आला नाही तर काम मिळायचे, आला तर परत फिरायचे. बदली कामगारांचा हा असंतोष १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपामागील कारणांपैकी एक होता. लाखो कामगार त्या संपात उतरले आणि गिरणगाव उद्ध्वस्त झाले. मालकांनी कामगाराला यंत्राचा सुटा भाग मानले, संघर्ष हेच साध्य मानणाऱ्या नेतृत्वाने त्याला लढाईचे इंधन केले. दोघांच्याही हिशेबात माणूस नव्हता. आज शिपाई भत्त्याच्या रूपाने तीच ‘बदली’ पद्धत शाळेच्या फाटकाशी येऊन उभी आहे.

पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी एकात्म मानवदर्शनाची मांडणी करणारी व्याख्याने एप्रिल १९६५ मध्ये याच मुंबईत दिली. भांडवलशाही आणि साम्यवाद या दोहोंनी माणसाला अर्थव्यवहाराचा एक घटक मानले. भारतीय विचार त्याला शरीर, मन, बुद्धी व आत्मा यांनी युक्त असा पूर्ण मानतो, हे त्या मांडणीचे सूत्र होय. अंत्योदय हा शब्द त्यातूनच अर्थपूर्ण होतो. दत्तोपंत ठेंगडी यांनी २३ जुलै १९५५ रोजी स्थापन केलेल्या भारतीय मजदूर संघाने विश्वकर्मा जयंती हा राष्ट्रीय श्रमदिन मानला, त्यामागेही श्रमाला पूजेचे स्थान देण्याचीच दृष्टी आहे. शाळेच्या पायरीवर शेवटचा उभा असलेला माणूस ज्या शिक्षणव्यवस्थेला दिसत नाही, तिने अंत्योदयाचे नाव घेऊ नये.

मुलांची सुरक्षितता आणि समरसता

पंचवीस वर्षे एका शाळेत असलेला शिपाई मुलांना नावाने ओळखतो. कोणाला कोण न्यायला येतो, कोणाचे वडील रात्रपाळीला असतात, फाटकाशी घुटमळणारा अनोळखी इसम कोण, हे त्याला ठाऊक असते. मुले त्याला ‘काका’ म्हणतात आणि ती बाई असेल तर ‘मावशी’. दरमहा बदलणाऱ्या, कंत्राटदाराने पाठविलेल्या माणसाकडून ही जाण येणे शक्य नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर झालेल्या अत्याचाराने महाराष्ट्र हादरला. त्यातील आरोपी कंत्राटी पद्धतीने नेमलेला सफाई कर्मचारी होता आणि त्याला कामावर येऊन दोन आठवडेही झाले नव्हते. सगळे कंत्राटी कामगार संशयित मानणे हा अन्यायच ठरेल. बहुतेक जण पोटासाठी प्रामाणिकपणे राबतात. परंतु ज्याची ना पारख, ना ओळख, ना उत्तरदायित्व, अशा व्यवस्थेच्या स्वाधीन लेकरे करणे हा धोका कोणत्याही बचतीपेक्षा महाग आहे.

दुसरा प्रश्न सामाजिक समरसतेचा. चतुर्थ श्रेणीच्या या पदांवर समाजाच्या वंचित घटकांतील माणसे मोठ्या संख्येने आहेत. कायम नोकरीमुळे त्यांच्या घरातील पुढची पिढी शिकली, स्थिरावली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर याच परळमधील सुधार विश्वस्त मंडळाच्या चाळीत १९१२ ते १९३४ पर्यंत राहिले. बहिष्कृत हितकारिणी सभेच्या स्थापनेची पहिली बैठक मार्च १९२४ मध्ये परळच्याच दामोदर हॉलमध्ये झाली. पुढे १९४२ ते १९४६ या काळात त्यांनी देशाच्या मजूर खात्याचा कारभार पाहिला आणि कामगाराच्या सेवाशर्तींना कायद्याचा आधार दिला. त्यांच्या कर्मभूमीतील शाळांत सर्वांत खालच्या पायरीवरील माणसाची सेवाशाश्वती संपावी आणि पुरोगामित्वाचा टेंभा मिरविणाऱ्या सरकारच्या सहीने संपावी, हे दुर्दैव होय.

काही संस्थांत शिपायाकडून घरची कामे करून घेतली गेली, नेमणुकांत गैरप्रकार झाले, हे खरे आहे. त्यावर तपासणी हवी, पारदर्शक भरती हवी. घरात उंदीर झाले म्हणून कोणी घर जाळत नाही.

आता परीक्षा स्वकीयांची

जून २०२२ मध्ये राज्यात सत्तांतर झाले. त्याबरोबर हा निर्णय रद्द होईल, ही अपेक्षा स्वाभाविक होती. ती पुरी झाली नाही. सरकार बदलले तरी लेखणी तीच राहते, असे होता कामा नये. बाह्य यंत्रणांमार्फत कंत्राटी भरती करण्याचा सप्टेंबर २०२३ मधील शासन निर्णय जनमताचा आदर करून ऑक्टोबर २०२३ मध्ये मागे घेण्यात आला होता. म्हणजे शासन निर्णय ही दगडावरची रेघ नव्हे. जे तेथे घडू शकले, ते शाळेच्या शिपायाबाबतही घडू शकते. त्यासाठी इच्छाशक्ती हवी आणि इच्छाशक्ती जागी करणारा समाज हवा.

हे काम केवळ कर्मचारी संघटनांवर सोडून चालणार नाही. शिक्षणसंस्थांच्या कार्यकारिणीवर राष्ट्रीय विचारांचे असंख्य कार्यकर्ते आहेत. पद व्यपगत झाले असले तरी संस्थेने स्वतःची भर घालून शिपायाला माणसासारखे जगता येईल एवढे वेतन द्यावे आणि मध्यस्थ कंत्राटदार टाळावा. पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत शाळेत शिपाई किती, त्यांचे वेतन काय, हा प्रश्न प्रत्येक पालकाने विचारावा. माजी विद्यार्थ्यांनी स्नेहसंमेलनात केवळ गुरुजनांचाच नव्हे, तर घंटा देणाऱ्या काकांचाही सत्कार करावा. आणि आमदार दारी आला की ११ डिसेंबर २०२० चा निर्णय केव्हा रद्द करणार, एवढेच विचारावे.

पालखी पुढे न्यायची असेल तर भोयांच्या खांद्याची काळजी वाहावी लागते. ज्यांनी महामारीत शाळेची दारे उघडली, त्यांच्यासाठी शाळेचे दार बंद करणारा समाज ज्ञानाची पूजा करतो, असे कोण म्हणेल?