मृगाचा मुहूर्त, दफ्तराचा सण

येत्या ९ जूनला जगभर आंतरराष्ट्रीय अभिलेखागार दिन साजरा होईल. १९४८ साली याच तारखेला आंतरराष्ट्रीय अभिलेखागार परिषदेची स्थापना झाली आणि २००८पासून तो दिवस जुन्या कागदपत्रांचा दिवस म्हणून पाळला जातो. महाराष्ट्रापुरती या तारखेला आणखी एक जोड आहे, आणि ती आपण विसरलो आहोत. मराठेशाहीच्या कागदांवर जो शुहूर सन असतो, त्याचे वर्ष सूर्य मृग नक्षत्रात गेला की बदलत असे. म्हणूनच त्याला मृगसाल म्हणत. पेरणीचा हंगाम सुरू झाला की दफ्तरातही नवे साल लागायचे. आज मृग ७ जूनच्या आसपास लागतो. म्हणजे आपल्या जुन्या दफ्तरांचा वर्षारंभ आणि जगाचा अभिलेखागार दिन यांत दोन-तीन दिवसांचेच अंतर आहे. शाळा अजून उघडलेल्या नसतात, मुले घरीच असतात. दफ्तराचे दार सामान्य माणसासाठी उघडायला याहून चांगला मुहूर्त कोणता?

दार उघडायचे ते खेळायला, असे आमचे म्हणणे आहे. इंग्लंडमधल्या रेडिंगच्या ग्रामजीवन संग्रहालयाने २०१८ साली आपल्या संग्रहातल्या एका धष्टपुष्ट मेंढ्याचा जुना फोटो एका मिश्कील ओळीसह समाजमाध्यमावर टाकला आणि नांगर-गाड्यांचे ते छोटे संग्रहालय रातोरात जगाला ठाऊक झाले. न्यूयॉर्कच्या वैद्यक अकादमीचे ग्रंथालय २०१६पासून दरवर्षी फेब्रुवारीत जगभरच्या संग्रहांना जुन्या चित्रांची रंगवायची पाने लोकांना मोफत द्यायला लावते. आपल्याकडेही मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची बस २०१५पासून वस्तू घेऊन शाळांच्या आणि गावांच्या दारात जाते. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. खेळ त्यांच्या स्वतःच्या कपाटातून निघाला आहे. रांगोळी स्पर्धा, वेशभूषा आणि सेल्फीची चौकट कोणत्याही सभागृहात होऊ शकते. त्यासाठी दफ्तर लागत नाही, आणि आलेला माणूस दफ्तर न पाहताच घरी जातो.

पुण्याच्या पेशवे दफ्तरात असा खेळ किती दडला आहे! तिथले कागद कापडात बांधलेले असतात. त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात आणि असे रुमाल हजारोंनी आहेत. रियासतकार सरदेसाईंनी त्यातून वेचे काढून ४५ खंड छापले, तरी ती केवळ निवड होती. एका पत्राची चांगली छायाप्रत दहा वर्षांच्या मुलीपुढे ठेवून पाहा. मोडी लिपीत आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली अक्षरे लिहीत जायचे, बोरू शक्यतो न उचलता. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्हे नाहीत. शब्द कुठे तुटतो हे शोधणे हेच कोडे. तारखेच्या जागी ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असे काहीतरी. हे अरबी आकडे आहेत: एक, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे ११६१. तारीख जानेवारीपासून मृगापर्यंतची असेल तर त्यात ६०० मिळवायचे, मृगानंतर डिसेंबरपर्यंतची असेल तर ५९९. पानिपतच्या लढाईचे साल त्या मुलीने स्वतः काढलेले असेल. मग तिने आपल्या जन्माचे मृगसाल काढावे, बोरूने आपले नाव मोडीत लिहावे आणि शेवटी मजकुराखाली मोर्तब उमटवावी. ती मोर्तब तिथेच का, तर खाली कुणाला एक ओळही घुसडता येऊ नये म्हणून. शिवाजी महाराजांच्या पत्रांखाली ‘मर्यादेयं विराजते’ असते ते याचसाठी.

वस्तूंचेही तसेच आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात टाच घासायच्या नक्षीदार वज्र्या आहेत, तऱ्हेतऱ्हेचे अडकित्ते आहेत. ‘ही वस्तू कशाची?’ एवढा एकच प्रश्न विचारून वज्री पुढे केली तर नातवंडांपेक्षा आजीचे उत्तर आधी येईल, आणि त्या दिवशी घरची जाणकार ती ठरेल.

इतिहास अशाने पोरखेळ होईल, ही भीती अभ्यासकांच्या मनात असते आणि ती प्रेमापोटीच असते. मूळ कागदाला कुणी हात लावू नये, हे शंभर टक्के खरे. पण महाराष्ट्रात इतिहासावरून हमरीतुमरीवर येणारे उदंड आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांनी एकही अस्सल पत्र जवळून पाहिलेले नाही. ज्या मुलाने मोर्तब कशासाठी असते हे स्वतः करून पाहिले, तो उद्या एखाद्या गर्जनेपुढे ‘कागद कुठे आहे, तारीख काय, शिक्का कुणाचा?’ असे विचारू शकेल. इतिहाससंशोधक राजवाडे गावोगाव फिरून लोकांच्या घरांतून कागद गोळा करत राहिले, त्या कष्टांची बूज राखणारी पिढी याच प्रश्नांतून तयार होईल. आम्हाला खेळ हवा आहे तो एवढ्या गंभीर कारणासाठी.

त्यासाठी मागणी मोठी नाही. राज्याची पुरालेखागारे मुंबई, पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे आहेत. नोकरदार आई-बापांना मुलांना घेऊन येता येईल अशा मृगाच्या रविवारी ती उघडी असावीत, मोडी वाचणारा एक माणूस टेबलापाशी बसलेला असावा आणि प्रत्येक ठिकाणचा खेळ तिथल्याच कागदांचा असावा. उदाहरणार्थ, कोल्हापुरात करवीर संस्थानचे कागद. शिवाय त्या दिवशी कुतूहल जागे झालेल्याला पुढच्या आठवड्यात परत यायचे असेल, तर त्याला अर्ज आणि ओळखपत्रांच्या फेऱ्यांत न अडकवता आत घेणारे कुणीतरी हवे. पुराभिलेख संचालनालयाने या मृगाला निदान एका शहरात सुरुवात करावी.