भिंती रंगवण्याआधी मुलांची जागा ठरवा



शाळा अनुदान आलं की शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत पहिला विषय निघतो रंगाचा. कोणी म्हणतं शाळेला रेल्वेचा डबा करू, कोणी म्हणतं भिंतीवर द्राक्षं, सफरचंद, जिराफ काढू. आपल्या गडचिरोली जिल्ह्यात रेल्वे शिरते ती पार उत्तरेला, वडशाला. सूरजागड परिसरातल्या पोराने ती कुठे पाहिली असणार? तरीही रंग लागतो, फोटो निघतो, ग्रुपवर टाकला जातो. आत मात्र मुलं तशीच रांगेत, फळ्याकडे तोंड करून.

माझं म्हणणं साधं आहे. वर्ग बदलायचा म्हणजे आधी मुलाची बसायची, बोलायची आणि लिहायची जागा बदलायची. रंग नंतर.

आपल्याकडे हे जास्त महत्त्वाचं का, ते सांगतो. एटापल्ली तालुक्यातलं आपलं मूल घरी माडिया बोलतं. त्याच्या घरी पाण्याला 'एर' म्हणतात. शाळेत आलं की 'पाणी', आणि पुस्तकात आणखी वेगळं 'जल'. रांगेत बसवलं की या मुलाला बोलायला एकच माणूस उरतो, तो म्हणजे गुरुजी, आणि तोही मराठीत. मग ते गप्प बसतं. दिवाळीपर्यंत गप्प राहिलं की आपणच म्हणतो, "हा जरा कच्चा आहे." तो शिक्का चौथीपर्यंत सुटत नाही. खरं तर मूल कच्चं नसतं. त्याला बोलायला शेजारी समोरासमोर कोणी नसतं.

शिवाय आपल्या बहुतेक शाळा द्विशिक्षकी. एका खोलीत दोन-दोन वर्ग. तिसरीला भागाकार शिकवताना पहिली काय करते? फळ्यावरचं उतरवून काढते, किंवा वाट बघते. म्हणजे दिवसातला मोठा वेळ मूल गुरुजींशिवायच असतं. त्या वेळात त्याला शिकवणार ती जागा आणि शेजारचा मित्र.

हा विचार काही नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं आणि पुढे १९५७ मध्ये कोसबादला नेलं. आदिवासी पाड्यातली मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी शाळाच पाड्याच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. त्यांनी इमारतीचा विचार नंतर केला, मूल कुठे असतं तो आधी.

अलीकडचं उदाहरण सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटचं. तिथल्या जिल्हा परिषद शाळा बघायला राज्यभरातून शिक्षक गेले. जमिनीवर आखणी, हाताशी साहित्य, गटागटाने स्वतः शिकणारी मुलं. २२ जून २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' शासन निर्णयानंतर ज्ञानरचनावाद गावोगावी पोचला. पण बऱ्याच ठिकाणी पोचला तो फक्त फरशीवरचा रंग. आखणी झाली, त्यावर सतरंजी अंथरली, आणि सतरंजीवर पुन्हा रांगा.

मग आपल्या खोलीत काय करता येईल? मला वाटतं चार गोष्टी.

१. खालचा फळा. जमिनीपासून साधारण तीन फुटांपर्यंत खोलीभर काळा पट्टा मारा. पहिलीतलं मूल साडेतीन फुटांच्या आसपास असतं, आणि आपले तक्ते मात्र आपल्या डोळ्यांच्या उंचीवर लटकतात. खालच्या पट्ट्यावर प्रत्येक मुलाला स्वतःची जागा मिळते. चुकलं तर पुसता येतं, आणि फिरता फिरता गुरुजींना सगळ्यांचं दिसतं.

२. गोल बैठक. आपल्या गावांना गोटुल माहीत आहे. तिथे माणसं एकमेकांची तोंडं बघून बोलतात. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडीतून शिकवणारी शाळा काढली, तिच्या नावातही गोटुल आहे. पाच-सहा मुलांचा गोल करा, त्यात एक मोठं मूल असं बसवा की जे माडियातलं मराठीत सांगू शकेल.

३. साहित्य कपाटाबाहेर. कुलपातलं साहित्य टिकतं, पण शिकवत नाही. बांबूच्या टोपल्यांत बिया, काड्या, खडे, चित्रकार्डं ठेवा, मुलाचा हात पोचेल तिथे. टोपल्या विणून देणारे हात पालकांतच आहेत.

४. उजेड आणि व्हरांडा. पावसाळ्यात लाईट गेली की खोलीचा मागचा कोपरा अंधारा. वाचणारा गट खिडकी-दारापाशी, बोलणारा गट व्हरांड्यात. शाळा रस्त्यालगत असेल तर ट्रकांचा आवाज आणि धूळ येते ती बाजू कपाटांना द्या, मुलांना नको.

यावर आक्षेप येणार. "गोंगाट होईल." होईल, पण दोन मुलं 'हातचा' घ्यायचा की नाही यावर भांडत असतील तर तो गोंगाट चांगला. "तपासणीला वर्ग पसारा दिसेल." दिसू द्या. साहेबांना एखाद्या मुलाशी बोलायला सांगा, तोच तुमचा तक्ता.

पालकांनो, तुमच्याशीही दोन शब्द. शहरातल्या शाळेसारखे बेंच हवेत असं तुम्हाला वाटतं, त्यात चूक नाही. मोठ्या वर्गांना ते हवेतच. पण पहिली-दुसरीच्या मुलाला बेंच एका जागी बांधून ठेवतो. त्याला उठू द्या, सरकू द्या. मोहाच्या टोऱ्या मोजताना दिसलं तर 'खेळतंय' म्हणू नका, ते दशक करतंय. आणि घरी विचारा, "आज तू कोणाशी काय बोललास?"

अनुदान खर्च करण्याआधी एक काम नक्की करा. मुलं घरी गेल्यावर मागच्या कोपऱ्यात जमिनीवर बसा. फळा दिसतो का, उजेड येतो का, समोर कोणाचं तोंड दिसतं की पाठ, ते बघा. मग ठरवा, रंगाचा डबा कुठल्या भिंतीला आणि किती उंचीवर लावायचा.