औषधदानाचा जमाखर्च

आपल्या संघाच्या प्रत्येक स्मरणिकेत आरोग्यशिबिरांचा वृत्तान्त छापला जातो. किती रुग्ण तपासले, किती चष्मे वाटले, किती रुपयांची औषधे दिली, हे आकडे त्यात असतात, छायाचित्रेही असतात. हा वृत्तान्त वार्षिक सभेत वाचून दाखविण्याचा मान कित्येक वर्षे माझ्याकडे आहे आणि त्याबद्दल टाळ्याही मला मिळाल्या आहेत. म्हणून पुढील तक्रार प्रथम माझ्या स्वतःविरुद्ध आहे, हे वाचक बंधुभगिनींनी ध्यानी घ्यावे.

मागे एका शिबिरात माझ्याच दुकानावरील हमालाची आई तपासणीस आली होती. रक्तात साखर निघाली, पंधरा दिवसांच्या गोळ्या मिळाल्या आणि आमच्या यादीत तिचे नाव चढले. पंधरा दिवसांनी गोळ्या संपल्या. तिचे गाव सौंसरच्या पलीकडे, छिंदवाड्याकडील घाटाच्या बाजूस, मोटारीच्या रस्त्यापासून आत. पुढल्या पावसाळ्यात पायाची जखम चिघळली व नागपुरास नेऊन पाय कापावा लागला. हे मला कळले, ते हमालाने उचल मागितली तेव्हा. आमच्या वृत्तान्तात मात्र ती माउली अद्याप लाभार्थीच आहे.

धान्याच्या व्यवहारात आपण असे कधी चालू देत नाही. किती गोण्या उतरल्या एवढ्यावर कोणी भाव ठरवीत नाही. परखी आत खोल खुपसून मधला दाणा काढून पाहतो. शिबिरास येतो तो गोणीच्या तोंडाशी असलेला माल. रस्त्याकाठी राहणारा, एका दिवसाची मजुरी बुडाली तरी ज्याची चूल पेटते, असा मनुष्य येतो. ज्याला सर्वांत अधिक गरज, तो येतच नाही, आणि न आलेल्यांची मोजदाद आपण ठेवीत नाही.

सरकारी सरासरीचेही असेच आहे. सन १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला व आपण मध्यप्रदेशात राहिलो. सीमेच्या दोन्ही अंगांस भाषा तीच, कापूस तोच, संत्रा तोच. सन २०२० च्या नमुना नोंदणीनुसार एक वर्षाच्या आतील बालकांच्या मृत्यूचे प्रमाण दर हजार जन्मांमागे मध्यप्रदेशात ४३, महाराष्ट्रात १६ आणि केरळात ६ होते. हे अंतर लाजिरवाणे आहे. परंतु राज्याचा आकडा पांढुर्ण्याच्या पेठेतील घराला व गोंड वस्तीतील झोपडीला सारखाच लागू पडतो, असे कोण म्हणेल?

महाराष्ट्रातही गडचिरोली आहेच. तेथे डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग या दांपत्याने सन १९८६ पासून काम मांडले. त्यांनी मोठे इस्पितळ बांधून मुले वाचविली नाहीत. गावोगावचा प्रत्येक जन्म व प्रत्येक मृत्यू आधी मोजला. नंतर ३९ गावांत तेथल्याच अल्पशिक्षित स्त्रियांना शिकवून, नवजात बालकाचे वजन घेणे, श्वास मोजणे, ऊब देणे, जंतुदोष झाल्यास इंजेक्शन देणे, ही कामे त्यांच्या हाती घरच्या घरी सोपविली. नवजात बालकांच्या मृत्यूचे प्रमाण दर हजारी ६२ होते, ते काही वर्षांत सुमारे २५ वर आले. शेजारच्या ज्या गावांत हे काम नव्हते, तेथे तशी घट झाली नाही, हेही त्यांनी मोजून दाखविले. पुढे हीच रीत आशा कार्यकर्तींच्या द्वारे देशभर नेण्यात आली. किती घरांना भेटी दिल्या, यावर त्यांनी समाधान मानले असते तर हे घडले नसते.

सिकलसेलच्या बाबतीत आपणांस हीच चूक पुन्हा करण्याची संधी आहे. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून ह्या रोगाच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. सात कोटी लोकांची तपासणी हे तिचे एक लक्ष्य ठेवण्यात आले. रक्त तपासून कार्ड देणे सोपे आहे. कार्ड मिळालेल्या मुलास वर्षानुवर्षे औषध मिळते का, त्याची शाळा सुटली का, हे पाहणे कठीण. परंतु कामाचा खरा भाग तोच.

काही सज्जन म्हणतात की दान निरपेक्ष असावे, फळाकडे पाहू नये. चतुर्विध दानात औषधदान येते, हे मलाही ठाऊक आहे. स्वतःसाठी फळ मागणे ह्याला आपल्या शास्त्रात निदान म्हणतात व ते त्याज्य आहे. रोग्याला गुण आला की नाही, हे विचारणे त्यात कसे येईल? फळाकडे न पाहणारे आपण, देणगीदारांच्या नावांची पाटी मात्र दोनदा तपासून रंगवितो.

माझी सूचना अशी. चार शिबिरांऐवजी दोन भरवावीत. ज्यांच्यात आजार निघेल त्यांची स्वतंत्र वही ठेवावी. तीन महिन्यांनी व वर्षाने त्यांच्या घरी जाणारा एक पगारी माणूस नेमावा. त्याने गावच्या आशाताईंना बरोबर घ्यावे आणि दूरच्या गावापासून आरंभ करावा. पुढील स्मरणिकेत किती जणांना गुण आला, कोणाचे औषध का सुटले आणि कोणत्या गावाहून कोणीच आले नाही, एवढे छापावे. छायाचित्रे कमी पडली तरी चालतील. माणसाच्या पगाराचा पहिल्या वर्षाचा भार माझी पेढी उचलील. वहीत पहिले नाव त्या हमालाच्या आईचे लिहावे. तिच्या गोळ्या अजूनही नियमित पोहोचत नाहीत.